सगळ्यांना पंचवीस

शाळा मंडळाच्या तिजोरीत खडखडाट आहे, हे मंडळानं आम्हाला वेगळं कळवायची गरज नव्हती. जिन्यातला दिवा गेला की तो बदलेपर्यंत पोरं पुढच्या इयत्तेत जायची, आणि खडूचं खोकं मागितलं की कारकून असा बघायचा, जणू त्याची किडनीच मागितली आहे. तरीही परिपत्रक आलं त्या दिवशी स्टाफरूममधला चहा कपातच गार झाला. प्रत्येक शाळेनं एक जागा कमी करायची होती. कुणाची, तेही मंडळानंच ठरवून टाकलं होतं. आठवड्यात ज्याचे तास सगळ्यांत कमी, तो घरी.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते वाचून दाखवलं. वाचून संपल्यावर कुणी एकमेकांकडे बघितलं नाही, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गणित शिकवते, आणि शाळेचं वेळापत्रकही मीच करते.

स्टाफरूमच्या भिंतीवर एक मोठी लाकडी फळी आहे, तिच्यावर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका तासाची रंगीत चिठ्ठी. गणिताच्या निळ्या, भाषेच्या हिरव्या, खेळाच्या तांबड्या, चित्रकलेच्या पिवळ्या. एका वर्गावर दोन शिक्षक येऊन उभे राहिले किंवा एकही आला नाही, असं माझ्या वेळापत्रकात कधी झालेलं नाही. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पोरं मागून मला फुटपट्टी म्हणतात, तेही मला मनातून आवडतं.

सगळ्यांत कमी तास कुणाचे, हे बघायला उठावं लागलं नाही. पिवळ्या चिठ्ठ्या जेमतेम अठरा होत्या. आणि चित्रकलेच्या बाई म्हणजे माझी सख्खी नणंद.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच थोर समजायला नको. मला ती शाळेत हवी होती. घरात नको होती.

तिला घरात सगळे छोटी म्हणतात, चाळिशी उलटली तरी. नवऱ्याशी पटेना म्हणून एकदा ती आमच्याकडे आली होती, दोन पिशव्या घेऊन, चार दिवसांसाठी. ते चार दिवस आठ महिने चालले. त्या आठ महिन्यांत माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाही वाटीला रंग लागायचा राहिला नाही. पेपर वाचायला घ्यावा तर त्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांना तिनं मिशा काढून ठेवलेल्या. माझी लाल पेनं, माझी छत्री, माझी चप्पल, सगळं उसनं घ्यायची आणि परत मागितलं की गळ्यात हात टाकून म्हणायची, "रागावू नकोस हं वहिनी." हिच्यावर रागावता यायचं नाही, याचाच मला जास्त राग यायचा. मग तिला आमच्याच शाळेत नोकरी लागली, तिनं दोन गल्ल्या पलीकडे एक खोली भाड्यानं घेतली, आणि मी माझ्या वाट्या घासून काढल्या.

नोकरी गेली की खोली जाणार आणि खोली गेली की ती आमच्याकडे येणार. हे गणित मला खडू हातात न घेता सुटत होतं.

नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या लोकांना धीर देऊन देऊन त्याला तीच सवय लागली आहे.

"त्यात एवढं काय," तो म्हणाला, "येईल इकडे. मागची खोली रिकामीच आहे."

"मागची खोली रिकामी नाहीये. मी बसते तिथे."

"अगं, बसतेस म्हणजे वह्याच तपासतेस ना? त्या इथे टेबलावर तपास."

मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर ती खोली मला मिळाली होती. एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा, आणि आतून लावता येणारं दार. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या वाट्याला एक दार आलं होतं. लिफ्टवाल्याला बंद दाराची गोडी काय कळणार.

त्या आठवड्यात मला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना मध्येच उठायची, हात धुऊन पुन्हा बसायची. वर्गात फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता डोक्यात निळ्या-पिवळ्या चिठ्ठ्या हलवायची. शेजारच्या वर्गात छोटीचा तास असला की भिंतीपलीकडून हसण्याचा गदारोळ यायचा. ती पोरांना कागदाकडे न बघता शेजाऱ्याचं नाक काढायला लावायची, डाव्या हातानं. इतकी वर्षं मी डस्टरनं ती भिंत ठोकत आले होते. त्या आठवड्यातही ठोकली, जरा जोरातच.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत विषय निघालाच. खेळाच्या सरांना सगळी शाळा शिट्टी म्हणते, तेही स्वतःला तेच म्हणवून घेतात. ते खुर्ची उलटी फिरवून बसले आणि म्हणाले, "आपल्यातलं कुणीच जायचं नाही. माझे पाच तास छोटीबाईंना द्या."

"तुमचे आधीच वीस आहेत," मी म्हटलं. "पाच दिलेत तर तुम्ही सगळ्यांत कमी."

"मग मला कुणीतरी पाच द्या की!"

"माझे घ्या," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे मग तुम्ही खाली याल."

"मग मला भाषेवाल्या सरांनी द्यावेत."

सगळे हसायला लागले. छोटी तर डोळे पुसत हसत होती. जाणार होती तीच, पण त्याचं तिला काही नाही. मी हसले नाही. मी उठून फळीसमोर जाऊन उभी राहिले होते, कारण माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख दिसलं होतं.

"सगळ्यांना पंचवीस," मी म्हटलं.

"काय?"

"सगळे तास गोळा करायचे आणि दहा जणांत सारखे वाटायचे. प्रत्येकाला पंचवीस येतात. सगळे सारखे असतील तर सगळ्यांत कमी कोण?"

मग शिट्टीनं खरोखरची शिट्टी वाजवली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "नियमात बसतं का हे?"

"नियमात 'सगळ्यांत कमी' असं लिहिलंय. तसं कुणी सापडलंच नाही, तर तो त्यांचा प्रश्न."

शनिवार-रविवार मी मागच्या खोलीत दार लावून जमिनीवर चिठ्ठ्या मांडून बसले. काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. छोटीला खालच्या वर्गांचं गणित दिलं की त्याच वेळी तिचा चित्रकलेचा तास दुसऱ्या वर्गावर पडायचा. मग तो तास विज्ञानाच्या बाईंना द्यायचा. शिट्टीला भूगोल दिला की त्यांचा खेळाचा तास उघडा पडायचा, तो भाषेवाल्या सरांच्या गळ्यात बांधायचा. एक चिठ्ठी हलवली की पाच हलायच्या. गुडघे दुखायला लागले, नवरा दोनदा दार वाजवून गेला. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला छोटीची आठवणसुद्धा नव्हती. फक्त सगळ्या रांगा पंचविसावर आणायच्या होत्या. रविवारी संध्याकाळी शेवटची चिठ्ठी बसली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले.

सोमवारी छोटी फळीसमोर उभी राहून आपली रांग वाचत होती. निम्म्याहून जास्त निळं होतं.

"वहिनी, मला सातचा पाढा अजून धड येत नाही."

"मग पाठ कर."

"आणि विज्ञानाच्या बाईंना चित्रकला?"

"येते की. बेडूक काढतात ना त्या फळ्यावर."

"तो बेडूक आहे?" ती म्हणाली. "मला वाटलं मूत्रपिंड."

ती रोज संध्याकाळी आमच्याकडे शिकायला येऊ लागली. मी तिला भागाकार समजावून सांगायची आणि ती मान डोलवायची, आणि मान डोलवता डोलवता वहीच्या कडेला भागाकार करणाऱ्या माणसाची चित्रं काढायची. मी ओरडले की "रागावू नकोस हं." पण प्रयत्न करत होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. भांडी घासतानासुद्धा पाढे म्हणायची. वाट्या मात्र माझ्याच घासायची, आणि त्या साबणाच्याच राहायच्या.

पहिल्या आठवड्यात मी तिच्या वर्गाबाहेरून सहज म्हणून जात होते. सहज म्हणजे, ऐकायलाच. बावन्न वजा सत्तावीस चाललं होतं.

"दोनातून सात जात नाहीत," छोटी सांगत होती. "म्हणून शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा."

एका पोरीनं हात वर केला. "बाई, तो उसना परत कधी द्यायचा?"

"द्यायचा ना! घेतलेली वस्तू परत द्यावी. पण आधी आपलं काम होऊ दे."

वर्ग खळखळून हसला आणि मीही तोंडावर हात ठेवून पुढे गेले. जन्मात एक छत्री परत न केलेली बाई वर्गाला परतफेड शिकवत होती. दोन दिवसांनी त्या वर्गाच्या वह्या माझ्याकडे आल्या आणि माझं हसू आटलं. पहिल्या वहीत पस्तीस. दुसऱ्या वहीत पस्तीस. पोरांनी वजाबाकी नीट केली होती, पंचवीस काढले होते, आणि मग बाईंनी सांगितलं म्हणून उसना घेतलेला एक इमानदारीनं परत केला होता. अख्ख्या वर्गाचं उत्तर पस्तीस. एकाही पोरानं कुणाचं बघून लिहिलं नव्हतं.

मी छोटीला त्या वह्या दाखवल्या. तिला चूक कळायलाच थोडा वेळ लागला. कळली तेव्हा ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच मला रागावू नकोस म्हणाली नाही.

"मी त्यांना फसवलं," ती म्हणाली.

"फसवलं काय! उद्या नीट सांग म्हणजे झालं."

ती दुसऱ्या दिवसापासून पुस्तक हातात धरून शिकवायला लागली. पुस्तकात असेल तेवढंच, तसंच. पोरांनी प्रश्न विचारला की पान उलटून बघायची. हळूहळू प्रश्न बंद झाले. पोरांना कुत्रं आणि मास्तर, दोघांचंही घाबरलेपण लगेच कळतं. तिकडे विज्ञानाच्या बाई चित्रकलेच्या तासाला पानाचे भाग काढून घ्यायच्या, देठाला देठ असं लिहून, आणि भाषेवाले सर मैदानावर पोरांना सावलीत बसवून म्हणी विचारायचे. माझ्या शेजारच्या वर्गात आता शांतता असायची. मला हवी होती तशी शांतता. मी तिच्यात दोनदा उदाहरण चुकले.

हे सगळं मला दिसत होतं. पण तपासणीला मंडळाचे साहेब यायचे होते, आणि ते येऊन जाईपर्यंत एकही चिठ्ठी हलवायची नाही असं मी ठरवलं होतं.

साहेब आले ते खांद्याला पिशवी लावून, नाक ओढत. त्यांना सर्दी होती आणि त्या दिवशी आणखी दोन शाळा करायच्या होत्या. आवाज चढवणारा माणूस नव्हता. तसा असता तर मी सावध झाले असते. मोठ्या बाईंनी त्यांना फळीसमोर आणलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग रुमाल खिशात ठेवला आणि जवळ जाऊन बघायला लागले.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"फार सुंदर आहे. मी इतक्या शाळा फिरतो, असं वेळापत्रक बघितलं नाही. एकही रिकामी जागा नाही, एकाचाही तास दुसऱ्यावर येत नाही." त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. "चित्रकला तिघं जण घेतात?"

"हो."

"आणि खेळही दोघं? छान. जमतं सगळ्यांना?"

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. किंवा म्हणायला हवं होतं की नाही जमत, बेडकाचं मूत्रपिंड होतं. पण माझ्या कामाची अशी स्तुती कुणी केल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. घरात लिफ्टवाला, शाळेत फुटपट्टी. मी मान ताठ करून म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना सगळं येतं, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

निकाल आठवड्याभरात आला. मोठ्या बाई वाचायला लागल्या आणि दुसऱ्या ओळीवर थांबल्या. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला, मी वाचावा म्हणून. आमच्या शाळेतली एक नाही, दोन पदं कमी झाली होती. शिक्षकांना आठवड्याला बत्तीसपर्यंत तास देता येतात आणि आमच्याकडे सरसकट पंचवीसच होते, म्हणजे दहा जणांचं काम आठ जणांत बसत होतं. याआधी ते बसलं नसतं, कारण गणिताच्या बाईला चित्रकलेवर आणि चित्रकलेच्या बाईला गणितावर घालता येतं, हे कुणाला माहीत नव्हतं. ते मी खिळ्याला टांगून दाखवलं होतं. चित्रकला आणि खेळ या विषयांना स्वतंत्र शिक्षकाची गरज उरलेली नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

मला मोठ्यानं वाचता येईना. शिट्टीनं कागद घेऊन वाचला.

"चला," ते म्हणाले, "सगळ्यांना पंचवीस, मला एकदम पूर्ण सुट्टी."

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "सर, शिव्या तरी द्या मला."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?" असं म्हणून ते मैदानावर गेले, कारण त्यांचा तास होता. शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

छोटीसाठी खाली आणखी एक ओळ होती. तिला गणित शिकवल्याचा अनुभव असल्यामुळे मंडळाच्या दुसऱ्या एका शाळेत गणिताची रिकामी जागा देता येईल. सोमवारपर्यंत होकार कळवावा.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या कचेरीत गेले. तिथल्या बाकावर बसवत नव्हतं म्हणून पॅसेजमध्ये येरझारा घालत राहिले. साहेबांची सर्दी बरी झाली होती. मी त्यांना सरळ सांगितलं की मी खोटं बोलले. आमच्याकडे सगळ्यांना सगळं येत नाही. विज्ञानाच्या बाईंना चित्र येत नाही, भाषेवाल्या सरांना धावता येत नाही, आणि माझ्या नणंदेनं अख्ख्या वर्गाला बावन्नातून सत्तावीस गेले की पस्तीस उरतात असं शिकवलंय.

त्यांनी ऐकून घेतलं. "बाई, पण वेळापत्रक तुम्हीच केलंय ना?"

"हो, पण ते कागदावर बरोबर आहे. खरं नाहीये."

"मला कागदच बघता येतो," ते म्हणाले, आणि ते काही उर्मटपणानं म्हणाले नाहीत. "आणि तुमच्या कागदात एकही चूक नाही. आम्ही तर तो नमुना म्हणून मंडळाच्या सगळ्या शाळांना पाठवलाय."

मी बाहेर आले आणि घराच्या उलट दिशेला चालायला लागले. किती शाळा आहेत मंडळाच्या? प्रत्येक शाळेत एक छोटी असेल, एक शिट्टी असेल. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं मी पाहिली होती. गावभरच्या पायांवर मारणारी मीच पहिली. मला स्वतःची इतकी चीड आली की रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्यानं शिवी दिली, तेव्हा बरं वाटलं.

घरी नवरा खुशीत होता. "झालं की छोटीचं काम! गणित तर गणित. नोकरी राहिली, खोली राहिली. तुझीही राहिली," तो म्हणाला आणि मागच्या खोलीकडे बघून हसला. बोलत नाही, पण कळतं त्याला सगळं. मी खोलीत गेले, दार लावलं, खुर्चीवर बसले. उठले. पुन्हा बसले. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मला तिथे पाच मिनिटं बसवेना.

शनिवारी दुपारी मी छोटीकडे गेले. तिनं होकार कळवला की नाही हे मला बघायचं होतं. कळवला नसेल तर तिचा हात धरून लिहून घ्यायचं होतं, असंच ठरवून निघाले होते.

खोलीचं दार उघडंच होतं. नेहमी जमिनीवर रंगांच्या बाटल्या, कागद, उष्टे कप यांतून पाय ठेवायला जागा नसते. आज जमीन स्वच्छ होती. रंग सगळे एका खोक्यात भरून पलंगाखाली सरकवलेले. भिंतीवर बारापासून तीसपर्यंतचे पाढे लावले होते, सरळ रेघा मारलेल्या कागदांवर, एकही चित्र नाही. छोटी टेबलाशी बसून गणिताचं पुस्तक वाचत होती, ओठ हलवत.

"मी घेतेय जागा," ती म्हणाली. "सोमवारी कळवते. तू काळजी करू नकोस."

"मी कशाला काळजी करू?"

"वहिनी, मी वेडी आहे, पण आंधळी नाही. मी तुला घरात नको आहे. बरोबरच आहे तुझं. माझ्यासारखी नणंद मलाही घरात नको झाली असती."

नाही गं, असं काही नाही, हे शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ती इतकं साधं बोलली होती की त्याच्यावर खोटं बोलणं बरं दिसलं नसतं. मी पलंगावर बसले.

"एकच विचारते," ती म्हणाली. पुस्तकात बोट तसंच ठेवलेलं. "दादाला विचारलं तर तो हो म्हणेल, त्याला काय. तू सांग. मला जमेल ना? एक वर्ष, दोन वर्षं घासलं तर? होईन मी गणिताची बाई?"

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. होशील, का नाही होणार, प्रयत्नांती सगळं जमतं. रोज कुठल्या ना कुठल्या पोराच्या आईला मी हे सांगते. हो म्हटलं की तिची नोकरी राहणार होती, ही खोली राहणार होती, आणि दोन गल्ल्या पलीकडे माझं दार राहणार होतं. आणि कुठल्यातरी शाळेतली पोरं वर्षभर भिऊन गप्प बसणार होती, एका भ्यालेल्या बाईसमोर. मी खिडकीशी गेले, परत आले, पाढ्यांच्या कागदासमोर उभी राहिले. एकोणीसचा पाढा बरोबर होता. सगळे बरोबर होते. किती वेळा खोडून लिहिले होते ते मागच्या खुणांवरून दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले.

तिचं बोट पुस्तकातून निघालं.

"नाही होणार, छोटे. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही. पण गणित तू वाईट शिकवतेस. तुला भीती वाटते आणि ती पोरांना लागते. वर्ष घासलंस तरी उत्तरं बरोबर येतील, शिकवणं येणार नाही. मी इतकी वर्षं हेच करतेय, मला कळतं."

तिनं पुस्तक मिटलं. वाटलं, आता रडेल. पण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, ही गेले कित्येक दिवस श्वासच घेत नव्हती. मग मात्र रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते नीट जमत नाही, फळा पुसल्यासारखा हात फिरतो.

"मग मी करू काय?" ती नाक पुसत म्हणाली, माझ्याच रुमालानं.

"घरी चल."

"कुठे राहू? दिवाणखान्यात दादा टीव्ही बघतो."

"मागच्या खोलीत."

"तिथे तू बसतेस."

"बसत होते," मी म्हणाले. "आणि चार दिवस म्हणू नकोस. तुला काम मिळेपर्यंत. तुझं काम, गणिताचं नाही. आणि मिळत नाही तोवर पोरांचे चित्रांचे वर्ग घे घरात, मी भिंत ठोकणार नाही. म्हणजे, ठोकीन. पण तू थांबू नकोस."

ती हसायला लागली, रडताना हसली की फारच कुरूप दिसते ती. मग उठून पिशव्या शोधायला लागली आणि मध्येच थांबली. "आज नको गं," ती म्हणाली, "आज नुसतं बोलू. घरमालकाला सांगायचंय, सामान बांधायचंय, दादाला कल्पना द्यायचीय. पुढच्या आठवड्यात येते सावकाश."

"आजच," मी म्हटलं. पलंगाखालून तिचं रंगांचं खोकं ओढलं, उचलून कडेवर घेतलं आणि जिना उतरायला लागले. तिला एक आठवडा दिला असता, तर तेवढ्यात माझं मन बदललं असतं.